डबल बेलची मासळी

खोली दाखवताना मास्तरांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही. गाव कोणतं, घरात कोण कोण, येणारं-जाणारं किती, यातलंही काही नाही. दारात उभे राहिले, किल्ली मुठीतच ठेवली आणि म्हणाले, "बाई, जेवायला हाक मारली तर तुमी येता, का 'आले, आले' म्हणत बसता?"

मी म्हटलं, "येते."

"समदे असंच सांगतात," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत. शिक्षिका मी. जवळा बाजारच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि पुसेगावहून रोजचं येणं-जाणं झेपणारं नव्हतं, म्हणून खोली शोधत होते. ते एस.टी.चे रिटायर कंडक्टर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. गल्लीत मी बाई आणि ते मास्तर, त्यामुळं नवख्या माणसाला वाटायचं की आम्ही दोघं एकाच शाळेत आहोत. हा गैरसमज मास्तरांना फार आवडायचा. तो दूर करण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. मी मात्र त्यांना मामा म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला मामी.

नोकरी संपली तरी मास्तरांची गाडी काही थांबली नव्हती. ती आता दर आयतवारी अंगणातल्या चुलीवर, लोखंडी तव्यावरून सुटायची.

सकाळीच ते मोपेड घेऊन पूर्णेच्या काठावर जायचे. भोई जाळी ओढून वर येत असायचे, त्यांच्यापाशी उकिडवं बसून एकेका मासळीचा कल्ला उघडून बघायचे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन यायचे. मरळ मिळाली तर येताना हॉर्न वाजवत यायचे, चिलापी मिळाली तर गुपचूप. हॉर्नवरून मामीला कळायचं की आज लसूण किती सोलायचा. मासळीला राख चोळून ती साफ करणं, तुकडे करणं, हळद-तिखट-लसूण आणि चिंचेचं पाणी लावून मुरत ठेवणं, हे सगळं मास्तर स्वतः करायचे. मामीकडं फक्त भाकरी. आणि मग यायचं ते ज्वारीचं पीठ. भाकरीचं नव्हे, त्याच्याहून जाडं. गिरणीवाल्याला ते वेगळं दळायला लावत आणि तो ते घाईत बारीक दळे, म्हणून त्या दोघांचं पटत नसे.

या पिठाबद्दल मास्तरांचा एकच कायदा होता. "पीठ लागलं की तेल. मधात दम घ्यायचा न्हाई. पीठ लावलेली मासळी थांबवली की तिला पाणी सुटतं. मंग तिचा गारा होतो. मासळी कानानं खायची असती बाई. कुर्रर्र वाजली पायजे."

म्हणून त्यांच्याकडं जेवण फेऱ्यांनी व्हायचं. एका फेरीत तव्यावर मावतील तेवढे तुकडे आणि तेवढीच माणसं. पहिली फेरी बायांसाठी राखीव, ती सुटल्याशिवाय पुरुषांनी अंगणात पाय ठेवायचा नाही. गल्लीतल्या पुरुषांना हे जरा जड जायचं, पण वास आला की सगळे कायदा पाळायचे. सगळे आपापल्या ताटावर बसले की तुकडे पिठात, आणि लगेच मास्तर उलथन्यानं तेलाच्या डब्यावर दोनदा वाजवायचे, टिंग टिंग. डबल बेल. मग पिठातून तेलात, तेलातून ताटात. या बेलनंतर जो आला त्याला वरण-भात. मग तो कोणी का असेना.

पहिल्याच आयतवारी मी केस धुवून, ते पुसत पुसत गेले. फक्त केस पुसायला लागतो तेवढाच उशीर. माझ्या पुढ्यात वरण-भाताचं ताट आलं. चार बाया माझ्यासमोर कुर्रर्र करत होत्या आणि मी वरण कालवत होते. इतका राग आला की दुसऱ्याच दिवशी दुसरी खोली बघायला निघाले. पण त्या आयतवारचा वास मनात बसला होता, म्हणून परत फिरले.

राखीव जागांत सगळ्यात मानाची जागा आमदाराची. एस.टी.त असते तशी. मरळीच्या मधल्या पोटाचा, सगळ्यात देखणा तुकडा ते शेवटच्या फेरीत तळून वेगळ्या ताटलीत ठेवायचे. कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांची जेवणं झाली की फाटकाकडं एकदा बघून म्हणायचे, "आमदार आले न्हाईत. त्यांची जागा कंडक्टरला." आणि स्वतः खायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, सगळ्यात चांगला तुकडा स्वतःला ठेवायचा तर सरळ ठेवा की. त्या आमदाराला काहून बदनाम करता?"

"नियम हाय बाई. मी काय करू," ते तोंड भरलेलं असताना म्हणाले.

नियमापुढं त्यांनी बायकोचीही गय केली नव्हती. हे मामीनंच मला सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, हसत. नवीन लग्न झालेलं, औंढ्याच्या स्टँडवर दोघं उतरले, म्हणजे मास्तर ड्युटीवर आणि मामी सवारी. मामी बांगड्या बघायला गेली. वेळ झाली, मास्तरांनी डबल बेल दिली आणि गाडी सुटली. मामी हातात बांगड्या घेऊन रस्त्यात.

"मंग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? मागून काळी-पिवळी जीप आली, तिच्यात बसले. यांची गाडी समद्या फाट्यांवर थांबत आली. मी यांच्या आधी घरी. दाराला आतून कडी घातली अन् म्हणलं, टायम झाला, दार बंद."

त्या दिवशी मास्तर बराच वेळ ओट्यावर बसून होते म्हणे. पण चूक झाली असं काही म्हणाले नाहीत.

माझ्या संस्थेच्या अध्यक्षांचं प्रकरण तर माझ्याच अंगाशी आलं असतं. त्यांना कुणीतरी मास्तरांच्या मासळीचं सांगितलं आणि ते निरोप पाठवून, जीप घेऊन, दोन माणसांसह आले. पण अध्यक्षच ते, ठरल्या वेळेला आले तर अध्यक्ष कसले. बेल होऊन गेली होती. मी ताट टाकून उभी राहिले. मास्तरांनी त्यांना चटई दिली, लोटाभर पाणी दिलं, अगदी मनापासून जयभीम केला आणि वरण-भात वाढला. "सायेब, या फेरीला जागा न्हाई. पुढल्या आयतवारी या. टायमावर."

माझी नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती. मला तो आठवडाभर घास गिळेना. पुढच्या आयतवारी अध्यक्ष आले, एकटे आले, आणि पहिली बायांची फेरी सुटायच्याही आधी येऊन फाटकाबाहेर रुमाल झटकत उभे राहिले. मास्तरांनी त्यांना दुसऱ्या फेरीत चुलीजवळची जागा दिली. माणूस मोठा कसा, हे मला त्या दिवशी कळलं. कोणता माणूस, ते मात्र अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं सांगितलं ते एवढ्याचसाठी, की मला बघायला पाहुणे येणार ठरलं तेव्हा मी एवढी का धास्तावले हे समजावं.

मुलगा हट्ट्याचा, तिथं त्याचं मेडिकलचं दुकान. आमचं घर पुसेगावला, एका टोकाला. जवळा बाजार मध्ये पडतं, तर कार्यक्रम मास्तरांच्याच घरी करावा असं मामीनं सुचवलं आणि माझ्या बापानं लगेच हो म्हटलं. याआधीची स्थळं माझ्या जिभेमुळं गेली, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातलं एक तरी गेलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कधी वाटलं नाही. पण हा मुलगा मला हवा होता. फोटो बघून नव्हे, फोटोत तो पासपोर्टच्या फोटोत दिसतात तसाच दिसत होता. एकदा फोनवर बोललो, तर त्यानं पगार विचारला नाही, बदलीचं विचारलं नाही. "तुमच्या वर्गात सगळ्यात वांड पोरगं कोणतं?" असं विचारलं आणि मी सांगत राहिले तसा हसत राहिला. फोन ठेवल्यावर मी मनाशी म्हटलं, हा जमला पाहिजे.

तारीख आयतवारची ठरली. मास्तरांनी जाहीर केलं, "आयतवार हाय, तर मासळीच होईल."

बाप म्हणाला, "मास्तर, पोहे करू की. सुटसुटीत."

"पोहे स्टँडवर भेटतात," मास्तर म्हणाले.

मी त्यांना एकटं गाठलं. "मामा, पाहुणे उशिरा आले तर?"

"तर वरण-भात."

"मामा, ते मला बघायला येऊन राहिले."

"मंग टायमावर येतील की."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सोयऱ्यांच्या पुढ्यात वरण-भात जाताना डोळ्यांसमोर बघत होते आणि मुलाच्या मामाचा उतरलेला चेहराही.

त्या दिवशी मरळ मिळाली होती. हॉर्न मी खोलीत ऐकला आणि तेवढ्यातही बरं वाटलं. आई-बाप सकाळीच आले. साडी नेसून मी ओट्यावर, बाप येरझाऱ्या घालतोय, मास्तर चुलीपाशी. तेल तापत आलेलं. तेवढ्यात बापाचा मोबाइल वाजला. मुलाचा मामा. बापानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठवर आलात?" आणि पलीकडून तितक्याच मोठ्यानं उत्तर आलं, "फाट्यावर आलो."

आमच्या अंगणापासून फाटा म्हणजे बिडी पेटवून ती विझायच्या आत पोचायचं अंतर. मास्तरांनी ते ऐकलं, मान हलवली आणि सगळे तुकडे पिठात घातले.

आता आमच्या भागात "फाट्यावर आलो" याचा अर्थ लहान लेकरालाही कळतो. फाट्यावर आलो म्हणजे आंघोळ झाली. अगदी फाट्याजवळ आलो म्हणजे गाडी सुरू केली. माझ्या बापाला हे माहीत होतं, आईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मास्तरांना. सगळी हयात त्यांनी फाट्यावर सवाऱ्या उतरवल्या होत्या, त्यांच्या लेखी फाटा म्हणजे फाटा.

कुणी आलं नाही. मास्तर उलथनं घेऊन फाटकापर्यंत गेले, मग रस्त्यापर्यंत, आणि परत आले. "फाट्यावर कुत्रं बी न्हाई."

बाप ओशाळं हसला. "अवो मास्तर, फाट्यावर म्हंजे निघाले असतील आता. आपण समदे तसंच सांगतो की."

"काहून?" मास्तरांनी खरोखरच विचारलं. "गाडी हट्ट्याला अन् सांगायचं फाट्यावर? आमाला असं सांगितलं असतं तर मेमो भेटला असता."

तेल धुरावायला लागलं. परातीत पीठ लागलेली मरळ ओळीनं पडली होती, आणि तिचा कायदा मला पाठ होता. मास्तरांनी पहिला तुकडा उचलला. दुसऱ्या हातात उलथनं, डब्याच्या वर धरलेलं. ही बेल झाली की झालं, मग कितीही मोठा पाहुणा येवो.

मी ओट्यावरून उतरले. नवरीनं असं उतरायचं नसतं, आईनं मागून पदर ओढलासुद्धा. मी म्हटलं, "मामा, थांबा ना."

माझी जीभ एवढी चालते म्हणतात, ती नेमकी तेव्हा बंद पडली.

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग परातीकडं बघितलं. "पीठ लागलंय पोरी," ते हळू म्हणाले. मला ते कायम बाई म्हणायचे. पोरी म्हणाले ते त्या एका दिवशी.

आणि त्यांनी तुकडा परत परातीत ठेवला, फडक्यानं तवा धरला आणि चुलीवरून खाली उतरवला.

मामीच्या हातातली भाकरी थापायची थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पुन्हा थापायला लागली.

पाहुणे आले तोवर मास्तरांनी त्या मासळीवर दोनदा पीठ भुरभुरलं, एकदा खरवडून काढलं, तवा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. व्हायचं तेच झालं. पीठ तव्याला चिकटलं आणि मासळी निराळी झाली. एवढं निगुतीनं तळणाऱ्या माणसानं ते लिबलिबीत तुकडे उलथन्यानं खरवडून ताटात वाढले. त्या दिवशी बेल वाजली नाही.

मुलाचा मामा खाताना म्हणाला, "लई मऊ झाली मासळी. आमच्या आईला दात न्हाईत, तिला आणायला पायजे होतं."

चुलीपाशी बसलेले मास्तर मान वर न करता म्हणाले, "व्हय."

आमदाराचा तुकडा त्या दिवशी वेगळा काढलाच नव्हता. काढण्यासारखा राहिला नव्हता.

आम्हा दोघांना बोलायला ओट्यावर बसवलं तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "तुमच्या मामाला मासळी काही जमत नाही वाटतं." तोंड उघडायचं नाही, असं बापानं सकाळीच बजावलं होतं. त्याचं मी आयुष्यात एकदाच ऐकलं ते तेव्हा. स्थळ जमलं.

पाहुणे गेल्यावर मास्तर राखेनं तवा घासत बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण त्यांनीच विचारलं, "उद्या शाळा हाय न्हाई का, बाई?" मी म्हटलं, आहे. मग मी परत आले.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. मास्तरांची गाडी पंक्चर झाली म्हणे, असं जो तो विचारायला लागला. गिरणीवाला तर मुद्दाम येऊन विचारून गेला. मास्तरांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. पंक्चर झाली, एवढंच म्हणायचे. माझा मात्र जीव तुटायचा. एवढ्या वर्षांचं नाव या माणसानं माझ्यासाठी पाण्यात घातलं होतं, आणि वर त्याचा उच्चारही करू देत नव्हता.

लग्नानंतर मी नवऱ्याला घेऊन तिथं जायचे ते खरी मासळी खाऊ घालायला. पण नवरा पडला मेडिकलवाला. निघताना एक गिऱ्हाईक, कुलूप लावताना दुसरं. आम्ही दर वेळी बेल झाल्यावर पोचायचो आणि दर वेळी वरण-भात खायचो. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, एकदा थांबला होतात की."

"तवा लगीन जमायचं होतं. आता झालं की," मास्तर म्हणाले आणि माझ्या भातावर वरण वाढलं.

परतताना नवरा मोटारसायकलवर म्हणायचा, "जाऊ दे गं. मऊच तर असते ती." मी त्याच्या पाठीत चिमटा काढायचे. त्या दिवशीचं गुपित सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं, पण मास्तर स्वतः बोलत नाहीत ते मी कसं बोलू, म्हणून गप्प बसायचे.

गेल्या वर्षी कळलं की मास्तर आणि मामी पुण्याला मुलाकडं जाणार, कायमचे. तिथं पाचव्या मजल्यावर चूल कसली आणि राख कसली. शेवटचा आयतवार ठरला. मी नवऱ्याला जेवणाची वेळ तासभर अलीकडची सांगितली. बायकोनं नवऱ्याशी कधी खोटं बोलू नये, पण मरळीचा प्रश्न होता.

फाट्यावर मोटारसायकल थांबवून नवऱ्यानं फोन लावला. "मामा, फाट्यावर आलो."

फोनमधून मास्तरांचा आवाज आला, "काय दिसून राहिलं तिथं?"

"चहाची टपरी."

"टपरीवर कोण हाय?"

"एक म्हातारा बसलाय. लाल टोपी."

"त्याला इचार, गुडघा कसा हाय."

नवऱ्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं दोन्ही गुडघ्यांचं सविस्तर सांगितलं. ते सगळं मास्तरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या. पण चपला काढल्याबिगर मी पीठ लावणार न्हाई."

आम्ही चपला काढल्या. गल्लीतली जेवणं उरकली होती की मास्तरांनी त्या दिवशी फक्त आमचीच फेरी ठेवली होती, मी विचारलं नाही. टिंग टिंग झालं. पिठातून तेलात जाताना एकही तुकडा थबकला नाही.

नवऱ्यानं पहिला तुकडा तोंडात घातला. कुर्रर्र वाजलं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मामीलासुद्धा ऐकू गेलं. तो चावायचा थांबला. तुकडा हातात धरून उलटसुलट बघितला. एवढ्या वर्षांचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर जुळत नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं.

मास्तर तव्यावरचा तुकडा उलटत होते. "त्या रोजी व्हय," ते म्हणाले, "एका सवारीसाठी गाडी थांबवली होती. हात केला तिनं."

नवऱ्याला काही कळलं नाही. तो दुसऱ्या तुकड्याला लागला. मला मात्र समोरचं नीट दिसेना, आणि धूर तर दुसऱ्या बाजूला जात होता.

शेवटचा तुकडा मास्तरांनी नेहमीसारखा वेगळ्या ताटलीत काढला. मरळीच्या मधल्या पोटाचा. हात धुतले, फाटकाकडं एकदा बघितलं. मग ती ताटली उचलून माझ्या पुढ्यात ठेवली.

"आमदार आले न्हाईत," ते म्हणाले. "बस तू. थंड व्हायच्या आत खा."